आधी लेकराकडे बघा

(बालआरोग्य परिचर्येच्या परीक्षेआधी मेळघाटातील परिचर्या विद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी एका निवृत्त सिस्टर ट्यूटरांनी साधलेला संवाद. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मुलींनो, आणि मागच्या बाकावर दडून बसलेल्या दोघा दादांनो,

प्राचार्य मॅडमनी मला मार्गदर्शनासाठी बोलावलं आहे. पण तुमच्या सराव परीक्षेच्या बत्तीस उत्तरपत्रिका मी काल रात्री वाचल्या, त्यामुळे आज मार्गदर्शन थोडं आणि भांडण जास्त होईल. चहा झाला ना सगळ्यांचा? मग बसा.

चौथा प्रश्न आठवतो का? दीड वर्षाचं लेकरू. वजन सहा किलो. दंडाचा घेर १०.८ सेंटिमीटर. तीन दिवसांपासून जुलाब. डोळे खोल गेलेले, हातपाय गार, आई सांगते की कालपासून लेकरू सुस्त आहे. या बाळाची परिचर्या कशी कराल?

बत्तीसपैकी सत्तावीस जणांनी एकच उत्तर लिहिलं. आधी अतिसाराची व्याख्या, मग कारणं, मग प्रकार. दीड पान झाल्यावर उपचार: किलोला ७५ मिली ओआरएस, सहा किलोला ४५० मिली, चार तासांत. गुणाकार सगळ्यांचा बरोबर. अक्षर तर असं की चौकट करून भिंतीवर लावावं. आणि ते लेकरू तुम्ही धोक्यात घातलं.

का? कारण दंडाचा घेर प्रश्नात दिला होता आणि तो तुम्ही वाचून सोडून दिला. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर म्हणजे तीव्र कुपोषण, आपण ज्याला सॅम म्हणतो. अशा लेकराच्या कातडीखाली चरबीच उरलेली नसते, म्हणून चिमटा काढला की कातडी तशीच उभी राहते. डोळे आधीपासूनच खोल असतात. म्हणजे जलशुष्कतेच्या ज्या खुणांवर आपण एरवी विसंबतो, त्याच इथे फसवतात. वर त्याचं हृदय आणि मूत्रपिंड थकलेलं. धडधाकट मुलाला चार तासांत देतो तेवढं पाणी त्याला दिलं तर हृदयावर भार येतो, अंगावर सूज चढते, श्वास लागतो. म्हणून त्याला पाणी द्यायचं, पण बेताबेतानं. पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला किलोला ५ मिली. सहा किलोला ३० मिली. वाटीत काढून बघा, किती थोडं दिसतं ते. आणि प्रत्येक वेळी पुढचं देण्याआधी नाडी मोजायची, श्वास मोजायचा. दोन्ही चढत चालले असतील तर हात थांबवायचा आणि डॉक्टरांना सांगायचं.

पण हेसुद्धा दुसरं. त्याच्या आधी काय? हातपाय गार आणि सुस्ती, हे दोन शब्द प्रश्नात कशाला घातले होते? साखर बघायची. ५४ च्या खाली असेल तर कमी, आणि बघायची सोय नसेल तर सॅमच्या सुस्त लेकराची साखर कमीच आहे असं धरून चालायचं. गिळतंय तर १० टक्के ग्लुकोजचे ५० मिली तोंडाने किंवा नळीने. गिळत नसेल तर शिरेतून, डॉक्टरांना बोलावून. नख दाबून सोडायचं, रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का बघायचं, नाडी क्षीण आणि जलद आहे का बघायचं, कारण ते शॉकमध्ये असेल तर सगळा हिशेब बदलतो. आणि हे करता करता त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून द्यायचं. ऊब द्यायला काही चिठ्ठी लिहावी लागत नाही.

पाच जणींनी यातलं काही ना काही लिहिलं. त्यातल्या एकीची उत्तरपत्रिका मी दोनदा वाचली. तिने चारच ओळी लिहिल्या होत्या, त्यातही शुद्धलेखनाच्या सात चुका. "आधी साखर बघीन. लेकरू गार आहे, आईजवळ देईन. दंड बारीक आहे म्हणून पाणी हळू देईन. सलाईन घाईने लावणार नाही, डॉक्टरला बोलवीन." सगळ्यांत जास्त गुण मी तिला दिले. ती बिचारी आज सकाळी मला विचारत होती, मॅडम, व्याख्या नाही लिहिली म्हणून नापास का? नाव सांगत नाही, लाजेल.

आता मी हे भांडण का करते आहे ते सांगते. ही गोष्ट मी वर्गात फार वेळा सांगितलेली नाही.

मी तेवीस वर्षांची होते. एका रुग्णालयात रात्रपाळीला एकटी. नऊ महिन्यांचं लेकरू न्यूमोनियाने दाखल होतं. संध्याकाळपासून रडत होतं, असं की वॉर्डातलं कुणी झोपेना. रात्री दोनच्या सुमाराला ते गप्प झालं. मला हायसं वाटलं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "बाळ शांत झोपले आहे." त्याची आई दोनदा माझ्या टेबलापाशी आली. ती कोरकूत बोलत होती, मला तेव्हा कोरकूतला एक शब्द येत नव्हता. ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून काहीतरी दाखवत होती. मी हिंदीत म्हटलं, सोने दो उसको. पहाटे साडेचारला औषध द्यायला गेले तेव्हा लेकरू गेलेलं होतं.

मला कुणी काही विचारलं नाही. रजिस्टर नीट भरलेलं होतं. आणि त्या रात्री तुम्ही मला उठवून न्यूमोनियाची लक्षणं विचारली असती तर मी सगळी घडाघडा सांगितली असती. परीक्षेत मला त्या विषयात पहिला वर्ग होता. दमलेलं लेकरू रडायचं थांबतं, छाती ओढून ओढून त्याची ताकद संपते, मग श्वास मंदावतो आणि बघणाऱ्याला वाटतं उतार पडला, हे मला माहीत होतं. पण ते पुस्तकातल्या पानावर माहीत होतं, दोन वाजता त्या खाटेपाशी नाही. त्याच्या आईला पुस्तक माहीत नव्हतं आणि तिला दिसलं.

ज्याला इंग्रजीत क्लिनिकल जजमेंट म्हणतात आणि आपण चिकित्सक निर्णयशक्ती वगैरे भारदस्त शब्द वापरतो, ते एवढंच आहे. समोर काय दिसतंय, त्यातलं महत्त्वाचं काय, त्याचा अर्थ काय, आधी काय करायचं, आणि केल्यावर फरक पडला का. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या परवाना परीक्षेत एप्रिल २०२३ पासून याच पायऱ्यांवर बेतलेले प्रश्न घालतात: खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, कोणती शक्यता सगळ्यांत तातडीची ते ठरवा, उपाय सुचवा, कृती करा, परिणाम तपासा. सहा पायऱ्या. तुमच्यातल्या कुणाला उद्या परदेशी जायचं असेल तर ते उपयोगी पडेल, जा खुशाल. पण मला त्यात नवं काही वाटलं नाही. चांगली सिस्टर वॉर्डात शिरल्यापासून हेच करत असते. परीक्षेत आता ते विचारायला लागले एवढंच. आपल्याकडच्या पेपरातही "प्रथम काय कराल" हा प्रश्न काही नवा नाही.

मग याचा अभ्यास कसा करायचा? पाठांतराने होत नाही हे खरं, पण पाठांतर सोडा असं मी म्हणत नाही, नाहीतर उद्या प्राचार्य मॅडम मला फाटकाबाहेर काढतील. लसीकरणाचं वेळापत्रक पाठच करा. औषधांचे डोस, वाढीचे टप्पे, पाठ. तिथे विचार करत बसायचं काम नाही. पण आकडा पाठ केला की तो कुठल्या लेकराला लावायचा हे कळलं पाहिजे.

श्वासाचंच घ्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे जलद, आणि तिथे पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. दोन महिने ते वर्षाच्या आत ५०. एक वर्ष ते पाच वर्षं ४०. हे तुम्हाला येतं. आता सांगा, श्वास ४४, हे ठीक की जलद? बघा, अर्ध्या वर्गाने "ठीक" म्हटलं आणि अर्ध्याने "जलद". कुणीच विचारलं नाही की लेकरू केवढं आहे! सात महिन्यांचं असेल तर जलद नाही, चौदा महिन्यांचं असेल तर जलद. आकडा तोच.

आणि मोजायचा पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नसतो. रडताना नाही, अंगावर पिताना नाही. आईच्या मांडीवर शांत असताना, झबलं वर करून, पोटाकडे बघत. मागच्या आठवड्यात मी इथल्या वॉर्डाचं रजिस्टर चाळलं. अकरा मुलं, अकराही जणांचा श्वास २४. सकाळीही २४, संध्याकाळीही २४. हसू नका, लिहिणारे तुम्हीच आहात. असं रजिस्टर मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे, त्यामुळे तुम्हालाच रागवत नाही. पण २४ लिहिणारा हात परीक्षेतही २४ च लिहितो. ज्याने खरं मोजलेलं नाही त्याला प्रश्नपत्रिकेतल्या ५६ या आकड्याने दचकायला होत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने काय केलं ते तुम्ही सामुदायिक आरोग्यात वाचलं असेल. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी श्वास मोजायचं एक साधन बनवलं, मिनिटभराची वाळूची घडी आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी ठरावीक खुणेपलीकडे गेले की न्यूमोनिया. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे. त्या बायकांच्या हातात पदविका नव्हती. मिनिटभर लेकराकडे बघायची सवय होती. तुम्हाला तर सेकंदकाटा वाचता येतो.

आता दुसरी गोष्ट, यावर मी थोडी जास्त बोलणार आहे. मागच्या पंधरवड्यात एक आई लेकरू घेऊन आली. पोटावर डंब्याचे डाग, पाच-सहा, ताजे. तुमच्यापैकी एकीने आईला असं झापलं की बाहेरच्या ओसरीपर्यंत ऐकू गेलं. लाज नाही का, लेकराला तापल्या विळ्याने चटके देता, वगैरे. डंबा वाईटच आहे, त्यावर माझं दुमत नाही. पण त्या सगळ्या वेळात लेकराच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि छाती आत ओढली जात होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी मधे पडले तोवर आईने तोंड मिटून घेतलं होतं. मग ती काही सांगेना.

तो डाग म्हणजे आधी एक खूण आहे, हे लक्षात घ्या. डंबा कधी देतात? पोट फुगलं की, पोट उडायला लागलं की. म्हणजे त्या डागाने तुम्हाला सांगितलं की लेकराचं पोट काही दिवसांपूर्वी फुगलं होतं, आईला ते दिसलं होतं, तिने तिच्या परीने धावपळ केली होती. विचारा तिला, कधी दिला? त्याच्या आधी किती दिवस आजारी होतं? तेव्हा दूध पीत होतं का, आता पितं का? जे ओकलं ते सगळंच ओकतं का? झटका आला होता का? पिणं बंद, सगळं ओकून टाकणं, झटके, सुस्ती किंवा बेशुद्धी, धोक्याच्या या चार खुणा तुम्ही आयएमएनसीआयच्या तक्त्यात पाठ केल्या आहेत. त्यातल्या तीन तुम्हाला आईच सांगू शकते. आणि डंब्याच्या जखमेतून जंतुसंसर्ग होतो, तेही तपासायचं आहेच. समजावणं नंतर, लेकरू बरं झाल्यावर, घरी सोडताना. तेव्हा ती ऐकते.

इथे बसलेल्या कोरकू मुलींना मी मुद्दाम सांगते. तुम्हाला वाटतं, पुस्तक इंग्रजी, वर्ग मराठी, आपण मागे. पण माझ्याकडे त्या रात्री जे नव्हतं ते तुमच्याकडे जन्मापासून आहे. आई काय म्हणते ते तुम्हाला कळतं. वॉर्डात गेल्यावर पहिली पाच मिनिटं तुमच्या भाषेत आईशी बोला आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. मग शेजारी पुस्तकातला शब्द लिहा. परीक्षेत प्रश्न वाचताना तो शब्द दिसला की त्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे येईल, मग पाठांतर लागत नाही. आणि ज्या कोरकू नाहीत त्यांनी शेजारणीकडून निदान वीस वाक्यं शिका. मी चाळिशीत शिकले, उशिरा.

मला माहीत आहे की हा पेपर सुटणं म्हणजे काय. पहिल्या फटक्यात सुटला नाही तर घरचे म्हणतात, झालं तेवढं शिक्षण पुरे, आता स्थळं बघू. अशा दोघी-तिघी मी गमावल्या आहेत. हुशार होत्या. वॉर्डात त्यांचा हात असा चालायचा की बघत राहावं, आणि पेपरात दोन पानं व्याख्या लिहून मूळ उत्तरापर्यंत पोचायच्या आत घंटा व्हायची. म्हणून लिहिताना क्रम उलटा करा. केस दिलेली असेल तर पहिल्या तीन ओळींत लिहा, या लेकराला सगळ्यांत मोठा धोका कोणता आणि तो कशावरून. मग आधी काय करेन. मग त्यानंतर काय बघेन. व्याख्या वेळ उरला तर.

पर्यायांच्या प्रश्नातही तेच. परवाचा प्रश्न: झटका आलेलं लेकरू, आधी काय? ताप मोजणं, डॉक्टरांना कळवणं, कुशीवर वळवून श्वासमार्ग मोकळा ठेवणं, नातेवाइकांकडून माहिती घेणं. चारही कामं बरोबर आहेत, चारही करायचीच आहेत, म्हणूनच तुम्ही अडखळता. अशा वेळी स्वतःला विचारा, पुढच्या एका मिनिटात हे केलं नाही तर लेकराचं काय होईल? ताप पाच मिनिटांनी मोजला तर चालेल. श्वास पाच मिनिटांनी मोकळा करून चालणार नाही. एकाने शेजारी "दातांत चमचा" असंही लिहून ठेवलं होतं, पर्यायात नसताना! चमचा नाही, कांदा नाही, चप्पल तर नाहीच नाही.

आजपासून परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी जोड्यांनी सराव करायचा. एकीने वॉर्डातलं खरं लेकरू निवडायचं, नाव न सांगता. त्याची हकीकत एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने सांगायची. आधी वय आणि आई काय म्हणाली तेवढंच. दुसरीने सांगायचं, मला काय दिसलं, माझ्या मनात काय आलं, मला आणखी काय विचारायचं आहे. मग पुढचा तुकडा. मत बदललं तर मोठ्याने सांगायचं की बदललं, आणि कशामुळे. चुकलात तर वहीत उत्तर खोडू नका, शेजारी लिहा की मी कुठली खूण वाचून सोडली. आठ दिवसांनी ती वही बघा. प्रत्येकीची सोडण्याची जागा ठरलेली असते. कुणी वय सोडतं, कुणी वजन. काही जणी आईचं बोलणं सोडतात. मी तशी होते.

चला, एक आत्ताच करू. वह्या बंद. पुस्तकंही.

जुलै महिना. सात वर्षांचा मुलगा. रात्री घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणून रडत उठला, दोन उलट्या झाल्या. सकाळी नऊला आणलाय. ताप नाही. पोट हाताला मऊ लागतं. अंगावर जखम नाही, सूज नाही. आई म्हणते, रात्री चांगला जेवला होता, आणि आता बघा कसा पेंगुळल्यासारखा बघतोय.

सांगा. काय दिसलं?

जेवणातून विषबाधा. बरं, असू शकते. घरातले बाकीचे तेच जेवले का? विचारलंस का? सगळे जेवले, सगळे ठणठणीत. पुढे.

अपेंडिक्स. पोट मऊ आहे म्हटलं मी, ताप नाही. मनात ठेव, पण खाली ठेव.

कोण म्हणालं, पापण्या? उभी राहा. हं, मोठ्याने. पेंगुळलेला नाही, पापण्या उचलत नाहीयेत. कशावरून? पावसाळा, जमिनीवर झोपला, पहाटे पोटदुखी. मण्यार. खूण दिसत नाही म्हणून साप चावलाच नाही असं नाही, मण्यारीच्या दातांची खूण पुष्कळदा सापडतच नाही. बरोबर. बसू नकोस अजून. डॉक्टरांना आवाज दिलास, प्रतिसर्पविष काढून ठेवायला सांगितलंस. ते येईपर्यंत तू त्या मुलापाशी उभी आहेस. काय बघत राहशील?

श्वास. किती वेळाने मोजशील, आणि त्याला मान उचलायला सांगशील की नाही? सांग.